नॅनोतंत्रज्ञान : सूक्ष्मातील निदान आणि उपचार

दुःखाचे कारण कळल्याशिवाय त्याच्या निवारणाचा मार्ग सापडत नाही, ही तथागत भगवान बुद्धांच्या शिकवणीतील मूलभूत दृष्टी आहे. वैद्यकशास्त्राचा क्रमही असाच आहे. आधी रोगाचे लक्षण, मग त्याचे कारण, मग उपचार. गेल्या काही दशकांत कारणाचा हा शोध साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या पातळीपर्यंत पोहोचला आहे. त्या पातळीवर पदार्थ घडविण्याच्या व वापरण्याच्या शास्त्रास नॅनोतंत्रज्ञान म्हणतात. प्रस्तुत लेखात आपल्या विदर्भाच्या आरोग्याशी निगडित अशा दोन उदाहरणांच्या आधारे आम्ही या शास्त्राचा परिचय करून देत आहोत. पहिले उदाहरण सिकलसेलच्या निदानाचे, तर दुसरे बुरशीजन्य रोगावरील औषधाचे आहे.

नॅनो म्हणजे किती लहान?

एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातील तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ७ ते ८ हजार नॅनोमीटर असतो. त्या पेशीतील हिमोग्लोबिनचा एक रेणू मात्र अवघा ५ ते ६ नॅनोमीटरचा असतो. साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर या मापातील कणांना नॅनोकण म्हणतात.

इतक्या लहान आकारात पदार्थाचे गुणधर्म बदलतात. दागिन्यातील सोने पिवळे दिसते. पण त्याच सोन्याचे सुमारे २० ते ४० नॅनोमीटरचे कण पाण्यात विखुरले की ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये या लाल द्रावणाचा शास्त्रीय अभ्यास मांडला होता. पुढे २९ डिसेंबर १९५९ रोजी रिचर्ड फाइनमन यांनी अणूंच्या पातळीवर वस्तू घडविण्याची कल्पना एका व्याख्यानात मांडली आणि १९७४ मध्ये जपानी शास्त्रज्ञ नोरिओ तानिगुची यांनी ‘नॅनोतंत्रज्ञान’ हा शब्द वापरला.

निदान : पट्टीवरची लाल रेघ

सोन्याचा हा लाल रंग आपल्या गावागावांत पोहोचला आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. तापाच्या रुग्णाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन आशाताई मलेरियाची जी पट्टी वापरतात, तिच्यावर उमटणारी रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांची असते. गरोदरपणाची घरगुती चाचणी आणि कोरोनाकाळातील जलद चाचणी यांचेही तत्त्व हेच. या कणांवर प्रतिपिंडे बसविलेली असतात. नमुन्यातील द्रव टिपकागदाप्रमाणे पट्टीवर पुढे सरकतो. त्यात शोधला जाणारा घटक असेल, तर कण त्याला चिकटतात आणि ठरलेल्या जागी अडकून रेघ तयार होते. दुसरी, नियंत्रणाची रेघ उमटली नाही, तर ती चाचणी निरर्थक समजावी लागते.

आता सिकलसेलचा विचार करू. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे अमिनो आम्ल येते, एवढाच हा दोष. परंतु त्यामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या अडतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. लिनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा आजार असल्याचे दाखविले. म्हणजे सिकलसेलचे मूळ नॅनोमीटरच्याच मापातील आहे.

भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये याची नोंद झाली. विदर्भात आदिवासी, अनुसूचित जाती, बौद्ध तसेच इतर काही समाजांत हा आजार आढळतो. तो आनुवंशिक आहे. कोणाच्या स्पर्शाने, अन्नाने वा कर्माने होत नाही. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी आयुष्य जगते, म्हणूनच तिला आपण वाहक असल्याचे ठाऊक नसते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. रंगीत सूक्ष्मकणांवर आधारित जलद पट्ट्यांमुळे बोटातील थेंबभर रक्तातून, वीज वा यंत्रसामग्री नसलेल्या खेड्यातही काही मिनिटांत प्राथमिक निदान करता येते. मात्र काही पट्ट्यांत रेघ उमटणे म्हणजे घटक असणे, तर काहींत नेमके उलट असते. म्हणून वाचन प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे आणि दोष दिसल्यास प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी पद्धतीने खात्री करून घ्यावी.

उपचार : औषधाला योग्य वाहन

निदानानंतर प्रश्न येतो औषधाचा. अनेक औषधे रोगाला मारतात, पण सोबत निरोगी अवयवांनाही इजा करतात. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीविरुद्धचे प्रभावी औषध १९५० च्या दशकात मिळाले. ते बुरशीच्या पेशीचे आवरण फोडते. परंतु जुन्या स्वरूपात दिल्यास मूत्रपिंडांना मोठी हानी पोहोचवते. यावर उपाय निघाला तो लायपोसोमचा. लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या दुहेरी थराची सूक्ष्म पोकळ गोळी. या थरात औषध बसविले की ते मूत्रपिंडाला कमी त्रास देत बुरशीपर्यंत पोहोचते. औषध तेच, वाहन मात्र बदलले.

या कामात महाराष्ट्राचा मोलाचा वाटा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. बिमलकुमार बच्छावत यांच्या सहकार्याने भारतीय बनावटीचे लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी विकसित केले व रुग्णांवर त्याच्या चाचण्या केल्या. बिहारमधील काळा आजारावरही लायपोसोमल अँफोटेरिसिन उपयुक्त ठरले आहे.

या औषधाची किंमत आपल्याला २०२१ च्या उन्हाळ्यात कळली. कोरोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या व स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस अर्थात काळी बुरशी झाली. महाराष्ट्र सर्वाधिक रुग्णसंख्येच्या राज्यांपैकी एक होता. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा काढावा लागला, आणि नातेवाईक इंजेक्शनसाठी शहरोशहरी वणवण करत होते. अशा वेळी वर्धा नदीच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या वर्धा शहरात जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने मे २०२१ मध्ये अँफोटेरिसिन-बीचे स्निग्ध इमल्शन स्वरूपातील इंजेक्शन बनविण्यास आरंभ केला. सुमारे ७ हजार रुपयांच्या इंजेक्शनऐवजी ते १,२०० रुपयांत देण्याचे जाहीर झाले. ज्ञान आधीपासून होते; त्या उन्हाळ्यात उणीव होती ती ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेची.

कर्करोगातही हेच तत्त्व वापरले जाते. डॉक्सोरुबिसिन हे औषध लायपोसोममध्ये भरून देण्यास अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली; त्यामुळे हृदयावरील दुष्परिणाम कमी झाला. कोरोनावरील एमआरएनए लसींतील नाजूक रेणूही स्निग्ध नॅनोकणांच्या आवरणातूनच पेशीत पोहोचविला गेला.

मर्यादा आणि सावधगिरी

नॅनोतंत्रज्ञान म्हणजे जादू नव्हे. शरीरात गेलेले पुष्कळसे नॅनोकण यकृत व प्लीहेत अडकतात. काही कणांचे दीर्घकालीन परिणाम अजून तपासले जात आहेत. प्राण्यांत यशस्वी ठरलेली अनेक औषधे माणसांत तितकी उपयोगी पडत नाहीत. सिकलसेलच्या बहुसंख्य रुग्णांसाठी आजही हायड्रॉक्सियुरिया, पुरेसे पाणी, वेळेवर लसीकरण आणि नियमित तपासणी हाच आधार आहे. म्हणून ‘नॅनो’ शब्द छापून बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर विश्वास ठेवू नये. स्वतःच्या अनुभवाने व विवेकाने पारखून मगच स्वीकारावे, हा धम्माचा आग्रह इथेही लागू पडतो.

आपले कर्तव्य

भिक्खूंनी दुर्लक्षिलेल्या एका आजारी भिक्खूची शुश्रूषा बुद्धांनी स्वतः केली, अशी कथा विनयपिटकात आहे. करुणेला कृतीची जोड हवी, हा तिचा बोध. आज त्या कृतीला विज्ञानाचीही जोड मिळाली आहे. धामणगाव परिसरातील आमच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच : आपली सिकलसेल तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शासकीय रुग्णालयात करून घ्या आणि अहवाल जपून ठेवा. विवाह ठरविताना पत्रिकेऐवजी रक्ताचा अहवाल पाहा. घरातील वडीलधाऱ्यांना याचे कारण समजावून सांगा. वाहक मुलीला वा मुलाला कोणी हिणवत असेल, तर त्यास रोखा. आणि तुमच्यापैकी ज्यांना रसायनशास्त्राची व जीवशास्त्राची गोडी आहे, त्यांनी प्रयोगशाळेची वाट धरावी. सिकलसेलच्या वेदना सोसणाऱ्या आपल्याच गावातील मुलाला अधिक चांगले औषध तुमच्यापैकी कोणाच्या हातून मिळाले, तर या शाळेचे सार्थक झाले असे आम्ही मानू.