कोठीतले घड्याळ, मुंबईतले घड्याळ

वेगाने जाणाऱ्याचा काळ सावकाश चालतो, असे सापेक्षतावाद सांगतो. वर्गात हे वाक्य आले की कोणीतरी विचारतेच, ‘काळ मंदावतो, की नुसते घड्याळ मागे पडते?’ प्रश्न रास्त आहे. कोठीच्या फूटपाथवर घेतलेल्या जुन्या पुस्तकांत मी उत्तर शोधले, तर अग्निबाणात बसलेले जुळे भाऊच पुन्हा पुन्हा भेटले. मला पटला तो म्यूऑन.

विश्वकिरण वातावरणावर आदळले की सुमारे 15 किलोमीटर उंचीवर म्यूऑन हे कण जन्मतात. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांतले जेमतेम दोन. तेवढ्यात प्रकाशसुद्धा 660 मीटरच जातो. तेव्हा या हिशेबाने जमिनीवर म्यूऑन जवळजवळ पोचूच नयेत. प्रत्यक्षात आपल्या तळहातावर दर सेकंदाला साधारण एखादा पडतो! या कणात ना काटे, ना स्प्रिंग. मागे पडायला त्यात आहेच काय? प्रकाशाच्या जवळपास वेगाने पळताना, आपल्या दृष्टीने, त्याचे वय वाढणेच मंदावते. मुंबईचे होमी भाभा यांनी 1938 साली ‘नेचर’मध्ये लिहिले होते, की असा अल्पायुषी कण म्हणजे एक घड्याळच, वेगात त्याचे आयुष्य लांबले पाहिजे. 1941 मध्ये रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेत डेन्व्हर व त्याहून उंच एको लेक येथे कण मोजून ते पडताळले.

आता गुरुत्वाकर्षण. पृथ्वीपासून जितके उंच, तितका काळ किंचित जलद. कोठी समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंच, मुंबई समुद्रालगत. गुरुत्वत्वरणाला उंचीने गुणा, प्रकाशवेगाच्या वर्गाने भागा. दिवसाला जवळजवळ 5 नॅनोसेकंदांचा फरक येतो. म्हणजे 60 वर्षांत कोठीतली माझी आई मुंबईच्या मावशीपेक्षा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाने अधिक म्हातारी होईल. (आई म्हणाली, ‘लोकलच्या गर्दीत ते केव्हाच फिटले!’)

दोन्ही परिणाम एकत्र दिसतात ते 2013 पासून सोडलेल्या आपल्या नाविक उपग्रहांत. ते सुमारे 36,000 किलोमीटर उंच. तिथले अणुघड्याळ उंचीमुळे दिवसाला सुमारे 51 मायक्रोसेकंद पुढे जाते, तर सेकंदाला 3 किलोमीटर वेगामुळे साडेचार मागे पडते. उरले साडेशेहेचाळीस. एवढ्या अवधीत प्रकाश 14 किलोमीटर जातो. म्हणजे एका दिवसात उपग्रहाचे अंतर जवळजवळ कोठी ते हायटेक सिटी इतके चुकेल! म्हणून ही दुरुस्ती हिशेबात धरावीच लागते.

खाली मात्र पारडे फिरते. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरच्या अवकाशस्थानकात वेगाची सरशी होते आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा मागे पडते. वर्तुळाकार कक्षेत सुमारे 3,200 किलोमीटर उंचीवर दोन्ही परिणाम एकमेकांना पुरते फेडतात. तिथले घड्याळ मुंबईच्या किनाऱ्यावरील घड्याळाच्या बरोबरीने चालेल.