झाडाचें अंगभूत घड्याळ

चिंचेचीं पानें सायंकाळीं मिटतात व सकाळीं उघडतात, हें वाचकांस सांगावयास नको. सूर्य मावळला म्हणून तीं मिटलीं, असा आपला समज असतो. तो अपुरा आहे.

सन १७२९ मध्यें द मेराँ या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या पाहण्यांत आलें कीं, लाजाळूसारखें झाड अंधारांत ठेविलें तरी आपल्या वेळेवर पानें उघडतें व मिटतें. १८३२ सालीं द कांदोल यानें लाजाळू अखंड उजेडांत ठेविली, तेव्हां पानांचा फेरा २४ ऐवजीं २२ ते २३ तासांतच पुरा होऊं लागला. हा फरक क्षुल्लक नव्हे. झाड बाहेरच्या एखाद्या गुप्त खुणेवर चालत असतें, तर फेरा २४ तासांचाच भरता. अर्थात् घड्याळ झाडाच्या अंगींच आहे. आणि कारकून जशी रोजकीर्द हातच्या शिलकेशीं ताडून पाहतो, तसें झाड तें उजेड पाहून रोज जुळवून घेतें.

जंतूंच्या ठायीं असें कांहीं असेल, हें विद्वानांनाही पुष्कळ दिवस पटत नव्हतें. जो कांहीं तासांत दुभंगून दोन होतो, त्यास दिवसाची गणना कशास पाहिजे? हा आक्षेप निळ्या-हिरव्या शेवाळानें खोडून काढिला. हें शेवाळ वस्तुतः जंतुवर्गांतच मोडतें. त्याच्या कांहीं जाती हवेंतील नत्र बांधतात; पण नत्र बांधणाऱ्या द्रव्यास प्राणवायु सोसत नाहीं, आणि दिवसा अन्न तयार करतांना प्राणवायु तर निघतोच. म्हणून भातखाचरांत सांपडलेल्या एका एकपेशी जातीनें पाळी लाविली आहे: दिवसा अन्न, रात्रीं नत्र.

१९९८ सालीं या वर्गांतील दुसऱ्या एका जातीची मोठी मार्मिक परीक्षा प्रसिद्ध झाली. सुमारें २३, २५ व ३० तासांचा फेरा असणारे वाण दोन-दोन मिसळून वाढविले. ११ तास उजेड व ११ तास अंधार दिला, तेव्हां आखूड फेऱ्याचा वाण टिकला. १५-१५ तासांची पाळी दिली, तेव्हां लांब फेऱ्याच्या वाणानें सोबत्यास हटविलें. निरनिराळे वाढविले असतां मात्र त्यांच्या वाढींत म्हणण्यासारखें अंतर दिसलें नव्हतें.

शेतकऱ्याचा संबंध येथेंच येतो. दिवस लहान झाल्यावर सोयाबीन फुलतें असें आपण म्हणतों. खरें पाहतां तें सलग अंधार मोजीत असतें. शेवंतीचे बागाईतदार या गुणाचा फायदा घेऊन रात्रीं दिवे लावितात व फूल लांबवितात. परंतु रस्त्याच्या दिव्याचा उजेड रात्रभर सोयाबीनवर पडला, तर तेवढा पट्टा हिरवाच राहतो आणि बाकीचें शेत कापणीस येतें. बियाणें भेसळीचें निघालें असें मानून दुकानदाराशीं तंटा करण्यापूर्वीं रात्रीं शेतांत जाऊन उजेड कोठवर पडतो तें पहावें. दिव्यास शेताच्या बाजूनें पत्र्याची आड बसविण्याविषयीं ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा, व त्यांत गट क्रमांक आणि बाधित क्षेत्र नमूद करावें. तोंडी सांगितलेलें दप्तरांत राहत नाहीं. तोंवर तो पट्टा निराळा कापावा. त्यांतील ओला दाणा सुक्या मालांत मिसळल्यास साऱ्या राशीस बुरशी लागण्याचें भय असतें.