फीड गप्प बसतो तेव्हा

नवं संशोधन नजरेखालून जावं म्हणून फीड रीडर वापरायला लागलेले विद्यार्थी माझ्याकडे हमखास एकच तक्रार घेऊन येतात. सर, फार येतं. न वाचलेल्या पेपरांचा आकडा चार अंकी झाला, आता उघडायचीच भीती वाटते. मी म्हणतो, सगळ्यावर ‘वाचलं’ अशी खूण करून टाका आणि चहा घ्या. तो आकडा म्हणजे काही सावकाराचं देणं नाही. जास्त आल्यामुळे कुणाचं काम अडलेलं मी अजून पाहिलेलं नाही. काम अडतं ते फीड गप्प बसल्यावर.

मी कापसावरच्या किडींचा अभ्यास करतो, त्यातही मुख्यतः गुलाबी बोंडअळीचा. 2017 च्या हंगामात तिने विदर्भात आणि मराठवाड्यात कापसाचं जे नुकसान केलं ते वेगळं सांगायला नको. बीटी कापसातल्या दोन्ही प्रथिनांना दाद न देणारी अळी शेतात आहे म्हटल्यावर तिच्याबद्दल जगात कुठे काय छापून येतंय, यावर नजर ठेवावीच लागते. त्यासाठी कामाच्या जर्नलांचे फीड मी रीडरमध्ये घालून ठेवले होते.

त्यातल्या एका जर्नलच्या प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं. फीडचा जुना पत्ता मात्र बंद केला नाही. रीडर नेमाने तिथे जायचा, तीच जुनी फाईल बघायचा आणि नवं काही नाही म्हणून मुकाट परत यायचा. पत्ता मोडला असता तर चुकीची खूण तरी दिसली असती. इथे रीडरच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं. एका परिसंवादात कामगंध सापळ्यांत सापडलेले पतंग आणि हिरव्या बोंडांतलं नुकसान यांच्या संबंधावर बोलणं चाललं होतं, तेव्हा सहकाऱ्याने सहज विचारलं, “तो पेपर पाहिलास ना?” पेपर त्याच जर्नलचा होता आणि आमच्या प्रयोगाची मांडणी तोवर होऊन गेली होती. सापळे कोणत्या अंतरावर लावायचे, बोंडं कधी फोडून बघायची, हे सगळं वेगळं ठरवता आलं असतं. पण पेरणी एकदा झाली की पुढचा हंगाम येईपर्यंत थांबणं आलं.

हे का होतं ते समजायला फीडची रचना पुरेशी आहे. 1999 मध्ये नेटस्केपने आरएसएस आणलं, तेव्हापासून मूळ गोष्ट तीच आहे. संकेतस्थळावर एक साधी फाईल असते, तिच्यात ताज्या काही नोंदी असतात आणि रीडर अधूनमधून जाऊन ती बघून येतो. तुम्हाला कुणी काही पाठवत नसतं. त्यामुळे नवं काही छापलंच नाही आणि छापलं पण फाईलपर्यंत पोहोचलं नाही, या दोन्ही गोष्टी रीडरमध्ये अगदी सारख्या दिसतात. आता महिन्यातून एकदा मी फीडची यादी शेवटच्या नोंदीच्या तारखेनुसार लावून बघतो. मासिक जर्नल तीन महिने गप्प असेल तर सरळ त्याच्या संकेतस्थळावर जातो. कंटाळवाणं काम आहे, पण रीडर ते आपणहून करून देईलच असं नाही.

फाईलमध्ये ताज्याच नोंदी असतात, याचा दुसरा फटका सुट्टीत बसतो. आर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंट-संग्रहाच्या फीडमध्ये फक्त त्या दिवशीचे पेपर असतात. किडींची छायाचित्रं संगणकाकडून ओळखून घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना ते लागतात. रीडर स्वतःच्या संगणकावर असेल आणि संगणक दिवाळीभर बंद असेल, तर ते दिवस गेलेच. सर्व्हरवर चालणारा रीडर तुमच्या माघारी नोंदी गोळा करत राहतो. अशा बाबतीत फीडली, इनोरीडर किंवा स्वतः बसवलेलं फ्रेशआरएसएस बरं. पबमेडमध्ये कोणत्याही शोधाचा फीड बनवता येतो, पण बनवताना किती नोंदी ठेवायच्या ते तिथेच विचारलं जातं. घाईत पुढे जाऊ नका, शंभर निवडा.

शोधाचे शब्द निवडताना थोडा वेळ घालवावा. नुसतं ‘पिंक बोलवर्म’ टाकलं तर जिथे ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ हे तिचं शास्त्रीय नाव एवढंच लिहिलंय ते पेपर निसटू शकतात. प्रत्येक नाव वेगळ्या अवतरणचिन्हांत घालून दोन्ही ‘किंवा’ने (OR) जोडावीत. ‘बीटी कॉटन’सारखा रुंद शोध वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा, म्हणजे अरुंद शोधातली एखादी नोंद त्यात बुडत नाही.

आणि शोध कितीही चांगला बांधला तरी तुम्ही जे विचारता तेवढंच तो आणतो. अमेरिकी लष्करी अळीची आफ्रिकेतली पहिली नोंद 2016 मध्ये प्लॉस वनमध्ये आली. 2018 मध्ये ती अळी कर्नाटकात सापडली आणि मग आपल्या मक्यात शिरली. बोंडअळी-बोंडअळी करत बसलेल्या फीडमध्ये तो पेपर येण्याचं काही कारणच नव्हतं. म्हणून एक-दोन जर्नलांचे फीड कसलीही चाळणी न लावता ठेवावेत आणि त्यांची नुसती शीर्षकं चाळावीत.

प्रकाशकांकडे अनेकदा दोन फीड असतात, एक ताज्या अंकाचा आणि दुसरा ऑनलाईन आधी आलेल्या पेपरांचा. दुसरा घ्या. अंकात यायला कधीकधी कित्येक महिने जातात.

फीड पेपर आल्याचं सांगतो, तो मागे घेतला गेल्याचं सांगेलच असं नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटचा गाजलेला पेपर 22 मे 2020 ला आला आणि 4 जूनला मागे घेतला गेला. एवढा गवगवा झाला म्हणून ते सगळ्यांना कळलं. आपल्या छोट्या विषयातला पेपर मागे घेतल्याचं कोण सांगणार? जे संदर्भ जपून ठेवायचे ते मी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, कारण ते मागे घेतलेल्या पेपरांच्या रिट्रॅक्शन वॉचमधल्या नोंदींशी ताडून अशा पेपरावर इशारा लावतं. झोटेरोत फीडही वाचता येतात, पण तिथे मला सवय झाली नाही.

फीडची यादी ओपीएमएल फाईलमध्ये उतरवून जवळ ठेवा. गुगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद झाला, तेव्हा अशी फाईल हाताशी असलेल्यांनी ती दुसऱ्या रीडरमध्ये घातली आणि पुढे वाचायला लागले.

आपल्याकडच्या संशोधनाचा बराच भाग फीडमध्ये येतच नाही. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी, वार्षिक अहवाल, एम.एस्सी.चे प्रबंध हे हातानेच शोधावे लागतात. कृषिकोशवर प्रबंध मिळतात आणि शेतातली आकडेवारी अनेकदा पेपर होण्याआधी तिथे पडलेली असते. फीडची यादी तपासायला बसतो त्याच दिवशी मी तिथेही किडीचं नाव टाकून बघतो, आणि दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांना फोन लावतो.