केस तीन महिन्यांनी बोलतात

माझी लेक आठवीत होती तेव्हाची गोष्ट. दसरा तोंडावर आलेला. ती केस विंचरून उठली आणि कंगव्यात हा एवढा गुंता! माझ्या पोटात गोळाच आला. त्या आठवड्यात मी शाम्पू बदलला, तेल बदललं, शेजारणीने सांगितलं म्हणून कांद्याचा रसही चोळला. घरभर वास सुटला, केस मात्र जायचे तसे जातच राहिले. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोकं पाहिलं आणि मलाच विचारलं, "आषाढात आजारी होती का ही?"

होती. टायफॉइडने पंधरा दिवस अंथरुणात होती. ताप उतरला, शाळा सुरू झाली, आम्ही विसरून गेलो. केस विसरले नव्हते.

आईबाबांनो, आज एवढंच सांगायला बसले आहे. मुलांचे केस आजची बातमी सांगत नाहीत, तीन महिन्यांपूर्वीची सांगतात. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस जाणं हा नेमच आहे. मोठा ताप, उपासमार किंवा मोठा धक्का बसला की शरीर काटकसर करतं. हृदय आणि मेंदूला आधी वाढायचं, केसांना सगळ्यात शेवटी. मग एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात आणि तीन महिन्यांनी एकदमच गळतात. पोट नीट भरलं तर ते परत येतात, पण धीर धरावा लागतो. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो.

आपल्या जबलपुरात बाळाचं जावळ काढायला ग्वारीघाटावर जातात. नर्मदेच्या काठी तो सोहळा जरूर करा, पण केस दाट यावेत म्हणून पुन्हापुन्हा गोटा करू नका. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, वस्तरा तिथवर पोचत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून नवे केस हाताला राठ लागतात, इतकंच.

तेलाचंही तसंच. खोबरेल तेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, म्हणून ते चांगलं. पण तेलाने मुळाचं पोट भरत नाही. ते भरतं ताटातून.

केस म्हणजे मुख्यतः प्रथिन. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिनं आणि ३० मिलिग्रॅम लोह लागतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात; त्यावरून आपल्या घरच्या ताटाचा हिशेब करून पाहा. सकाळी चहा-बिस्किट, डब्यात बटाट्याची भाजी आणि पोळी, संध्याकाळी नूडल्स. यात ४३ कुठून येणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे ही चार घरांची गोष्ट नाही.

बरं, आपलं गाव या बाबतीत गरीब नाही. हिवाळ्यात इथल्या मटाराचे ढीग लागतात. सिहोऱ्याकडचा शिंगाडा येतो. मंडला-डिंडोरीकडची कोदो-कुटकी मिळते. चाकवत, ज्याला भाजीवाल्या बथुआ म्हणतात, हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथी, आणि इकडे ज्याला मुनगा म्हणतात तो शेवगा, शेंगा आणि पाला दोन्ही. आपल्याच घरातले तीळ, शेंगदाणे, अळिवाचे लाडू आहेत. पोह्यांबरोबर जिलबी खुशाल खा, पण पोह्यांत मूठभर मटार आणि दाणे पडू द्या, वरून लिंबू पिळा. वरण-भातावर लिंबू पिळायची आपली रीत उगीच नाही. भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला आंबट लागतं. आवळा नवमीला झाडाखाली जेवतो, तोच आवळा पुढे सगळा हिवाळा ताटात ठेवा. आणि जेवणाबरोबरचा चहा तासभर लांबवा, तो लोह शोषू देत नाही.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि फेब्रुवारी-ऑगस्टमधली जंताची गोळी मुलांनी खिशात घालून आणली तर रागावू नका, पण का घ्यायची ते समजावून सांगा. उलट केसांसाठी म्हणून विकली जाणारी बायोटिनची गोड गोळी विचारल्याशिवाय देऊ नका. चारीठाव जेवणाऱ्या मुलांत बायोटिनची कमतरता क्वचितच असते, आणि जास्त बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. 'अ' जीवनसत्त्व तर जास्त झालं तर केस उलट गळतात.

आता बाहेरच्या सवयी, थोडक्यात. वेण्या इतक्या घट्ट नकोत की कपाळ ताणलं जाईल. रोजच्या ओढीने कडेचे केस विरळ होतात. ओले केस नाजूक असतात, तेव्हा रुंद दातांचा कंगवा घ्या आणि टोकाकडून वर सोडवत जा. थंडीत कढत पाणी डोक्यावर नको. उवा झाल्या तर मुलीला बोल लावू नका, उवा स्वच्छ डोक्यातही होतात. बारीक फणी फिरवा, औषध लावलं असेल तर लिखा फुटण्याच्या हिशेबाने आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावा.

चाई पडली, खपल्या धरून केस तुटायला लागले, मूल स्वतःच केस उपटताना दिसलं, किंवा केसांबरोबर थकवा आणि पाळीची गडबड असली, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. लोहाच्या जादा गोळ्याही रक्त तपासल्यावरच.

तेल मात्र मी सोडलं नाही. रविवारी दुपारी लेक माझ्यापुढे पाट घेऊन बसायची. अशाच एका रविवारी, तोंड पलीकडे असल्यामुळे असेल, ती म्हणाली, "आई, मी डबा अर्धा मैत्रिणीला देते. वर्गात मला 'मोटी' म्हणतात." टायफॉइडनंतर अंग भरायच्या दिवसांत ती अर्धपोटी होती, आणि मी शाम्पू बदलत बसले होते!

त्या दिवशी मी तिला काही शिकवलं नाही. तेल संपेपर्यंत ऐकून घेतलं. सोमवारपासून डब्यात दोघींपुरती मटाराची उसळ जाऊ लागली. संक्रांत आली तेव्हा तिच्या कपाळाच्या कडेला बोटभर उंचीचे ताठ उभे नवे केस दिसले. तिला ते मुळीच आवडत नव्हते, पाणी लावून सारखी चापून बसवायची. मी मात्र रोज सकाळी वेणी घालताना आधी तिकडेच पाहायची.