कॅप्टन जॅकने कॅनबीला का मारले?

शंका : मोडोक जमातीचा राजा कॅप्टन जॅक शूर होता म्हणतात. मग तहाची बोलणी करायला आलेल्या सेनापतीला त्याने दगा देऊन का मारले? (एक वाचक, सांगली)

समाधान : मोडोकांत राजा नव्हताच. कॅलिफोर्निया-ओरेगनच्या सीमेवर टुली लेक आणि लॉस्ट रिव्हरच्या काठाने त्यांची छोटी छोटी गावे. हिवाळ्यातले घर जमीन खणून केलेले, वरून मातीने झाकलेले. छपराच्या भोकातून शिडीने आत उतरायचे. गावाला पुढारी असे, पण त्याने हुकूम सोडून भागत नसे. बैठकीत चारचौघांना पटवावे लागे. लढाईचा म्होरक्या निराळा, देवऋषी निराळा.

ही रीत जॅकच्या मुळावर आली. १८६४च्या तहाने मोडोकांना क्लॅमथ जमातीच्या शेजारी राखीव प्रदेशात नेऊन बसवले. तिथे पटेना म्हणून जॅक आपली माणसे घेऊन लॉस्ट रिव्हरला परतला. नोव्हेंबर १८७२मध्ये अमेरिकी सैन्य त्यांना परत न्यायला आले, चकमक झाली आणि मोडोक लाव्हाच्या खडकाळ रानात शिरले. लढणारे पन्नास-साठच, तरी १७ जानेवारी १८७३ला दाट धुक्यात त्यांनी कितीतरी मोठ्या फौजेला मागे रेटले.

पुढे बोलणी सुरू झाली. जॅकला तडजोड हवी होती. पण हुकर जिम आणि त्याच्या साथीदारांनी गोऱ्या वसाहतकऱ्यांचे खून केले होते. समेट झाला तर फास आपल्याच गळ्यात, हे ते ओळखून होते. भर बैठकीत त्यांनी जॅकच्या डोक्यावर बायकी टोपी ठेवली, अंगावर शाल टाकली आणि त्याला भित्रा ठरवले. बहुमत फिरले. ११ एप्रिलला जॅकने जनरल कॅनबीवर गोळी झाडली. दुभाषी विनेमा हिने आधीच सावध केले होते, पण कॅनबी गेलाच.

तो दगाच होता, त्यावर पांघरूण घालू नये. मात्र १८५२मध्ये बेन राइटच्या गोऱ्या टोळीने समेटाच्या नावाखाली मोडोकांची कत्तल केली होती, हेही ते विसरले नव्हते.

३ ऑक्टोबर १८७३ला जॅकसह चौघे फासावर गेले. हुकर जिम? जॅकला पकडून देण्यात त्याने सैन्याला मदत केली आणि तो सुटला!

शंका : मोडोक आज आहेत का?

समाधान : आहेत. युद्धानंतर दीडशेहून अधिक जणांना ओक्लाहोमात धाडले गेले. परतायची मुभा १९०९मध्ये मिळाली. काही परतले, काही तिथेच रमले. आज मोडोक नेशनचे मुख्यालय ओक्लाहोमातल्या मायामी गावी आहे. ओरेगनमधले मोडोक क्लॅमथ जमातींच्या संघात आहेत. टुली लेकचा बराचसा भाग मात्र उपसून शेतीखाली आणला गेला आहे.