मोकळ्या रानातला मुक्काम : तंजावरच्या वाटेवरून एक अभ्यास

(शास्त्रभाग : गणना 20:14-21, अनुवाद 2:1-7, अनुवाद 23:12-14)

दिवाळी सरून थंडी पडू लागली, की आपल्या तरुण संघांच्या आणि रविवारच्या शाळांच्या शिबिरांचे दिवस येतात. पूर्वी ही शिबिरे एखाद्या मिशन कंपाउंडात किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गांत भरत. आता मुलांना डोंगर हवा असतो, घळ हवी असते, नदीकाठची रात्र हवी असते. आणि त्यात वावगे असे काहीच नाही. एस. टी. जेथे थांबते तेथून तंबू पाठीवर घेऊन पुढे चालू लागण्याचा आनंद प्रस्तुत लेखकाने पुष्कळ वर्षे घेतला आहे. मात्र जागेची परवानगी कोणाला विचारली, असे म्हटले की एक उत्तर ठरलेले असते : "जमीन सरकारी आहे, म्हणजे सर्वांचीच." हे उत्तर अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याचा विचार या लेखात करावयाचा आहे. वाचकांनी वर दिलेले तीन शास्त्रभाग प्रथम वाचून घ्यावेत, ही विनंती.

इस्राएल लोकांचा तळ कादेशात पडला होता आणि पुढची वाट अदोमाच्या मुलखातून जात होती. मृत समुद्राच्या दक्षिणेस व आग्नेयेस पसरलेला हा मुलूख तांबूस वालुकाश्माच्या कड्यांचा आहे. पाण्याने त्या कड्यांत अरुंद, खोल घळी कोरलेल्या आहेत. नबाती लोकांनी पुढे जेथे पेट्रा नगरी घडवली ती जागाही येथलीच. अशा प्रदेशात कोणाची जमीन किती, याला फारसे मोल नसते. विहीर कोणाची, याला असते. मोशेने अदोमाच्या राजाकडे जो निरोप पाठवला तो या दृष्टीने बारकाईने पाहावा. आम्ही शेतांत वा द्राक्षमळ्यांत शिरणार नाही, विहिरींना हात लावणार नाही, राजमार्ग सोडणार नाही, असे त्यात आहे. नकार आल्यावर तो आणखी एक पाऊल पुढे जातो : आमच्या गुरांनी पाणी प्यायले, तर त्याची किंमत देऊ. अनुवादात तर अन्न आणि पाणी दोन्ही पैसे मोजून घ्यावीत, अशी आज्ञाच आहे.

अदोमाने वाट दिली नाही, म्हणून आपण त्याला सहज दोष देतो. पण क्षणभर त्याच्या विहिरीच्या काठावर उभे राहून पाहावे. एवढा समुदाय, एवढी गुरे. वचन कितीही सौजन्याचे असले, तरी ते पुरे पाळले जाईल याची त्याला काय खात्री? मोठा तळ गावाशेजारी उतरणे, ही गावाला नेहमीच धास्ती वाटावी अशी गोष्ट होती.

ही धास्ती ओसाड मुलखापुरतीच होती असे नाही. आपल्याच मराठी माणसांच्या इतिहासात, तेही कावेरीच्या हिरव्यागार खोऱ्यात, तंजावरास, तिचे चांगले उदाहरण सापडते. व्यंकोजी राजांपासून 1855 पर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती. 1780 साली हैदरअलीच्या फौजा कर्नाटकात उतरल्या आणि त्यांची झळ तंजावरच्या प्रांतालाही लागली. गावे ओस पडली, किल्ल्यातील धान्याची कोठारे रिकामी झाली. बाहेर खेड्यांत धान्य नव्हते असे नाही. पण ते आणायला बैल मिळेनात. कारण पूर्वी सरकारने नेलेल्या मालाचे पैसे रयतेच्या हाती पडले नव्हते. राजाचा शब्द चालेना, कंपनीचाही चालेना. तेव्हा ख्रिस्तियन फ्रीडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने आपला शब्द दिला. एकदोन दिवसांत सुमारे एक हजार बैल मिळाले आणि थोड्याच काळात 80,000 कलम धान्य किल्ल्यात आले. (कलम हे तमिळ मुलखातील धान्याचे जुने माप.) पुढे प्रत्येकाचे पैसे चुकते झाले. श्वार्ट्झच्या चरित्रातील ही गोष्ट आपण व्यासपीठावरून बहुधा विश्वासाचे उदाहरण म्हणून सांगतो. माझ्या मते ती आधी हिशेबाची गोष्ट आहे. ज्याचे घेतले त्याला देणारा, अशी त्याची ख्याती होती, आणि ती ख्याती दुष्काळाच्या फार पूर्वी कमावलेली होती.

याच श्वार्ट्झच्या देखरेखीखाली तुळजाजी राजांचे दत्तक पुत्र सरफोजी वाढले. 1798 च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ निवर्तला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले, आणि लगेच पुढच्या वर्षी, 1799 च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे किल्ला, मानमरातब आणि उत्पन्नाचा ठरलेला वाटा एवढेच उरले. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये आजही एक संगमरवरी शिल्प आहे. लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून सरफोजींनी ते मुद्दाम करवून घेतले. मृत्युशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याच्या उशाशी तरुण राजा, असे ते दृश्य आहे. सरफोजी शेवटपर्यंत आपल्या कुलधर्मात राहिले, हेही येथे सांगितले पाहिजे; शिष्य म्हणजे धर्मांतरित, असा समज आपल्याकडे अकारण पसरलेला आढळतो.

राज्य गेल्यावर या राजाने कशासाठी धडपड केली, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. काशीहून रामेश्वरास जाणारे यात्रेकरू तंजावरच्या मुलखातून जात. कावेरीची कालव्यांची जमीन संपली, की पुढे समुद्रकाठाने कोरडा, रेताड टापू लागतो. या वाटेवर भोसले राजांनी छत्रे बांधली होती. नीडामंगलम येथील यमुनांबाळ छत्र, ओरतनाडू येथील मुक्तांबाळ छत्र, आणखी पुढे मनमेलकुडी, मीमिसल अशी ती रांग होती. (कित्येक छत्रांना स्त्रियांची नावे आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.) 1801 साली सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटाला एक पत्र लिहिले. ही छत्रे आणि त्यांच्या निर्वाहाची गावे आमच्याकडून काढून घेऊ नयेत, अशी विनंती त्यात आहे.

त्या पत्रातील तपशील वाचताना एखाद्या चांगल्या शिबिराची नियमावली वाचल्यासारखे वाटते. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, फकीर, सर्वांना अन्न. शिजवलेले नको असेल त्याला कोरडा शिधा व मसाला. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चालू. मग घंटा वाजवायची आणि कोणी उपाशी असेल तर त्याने यावे, अशी हाक द्यायची. आजाऱ्याला वैद्य व औषध, आणि चालण्याचे बळ येईपर्यंत राहण्याची मुभा. साप चावल्यास त्याचा जाणकार, तान्ह्या मुलांना दूध, बाळंतिणीची काळजी. वाटेवरच्या माणसाची इतकी बारीक चिंता केलेली असल्यावर त्याने कोणाच्या शेतात चूल पेटवायची किंवा कोणाच्या विहिरीवर हक्क सांगायचा प्रश्नच येत नाही. पाहुण्याची सोय आणि गावाचे रक्षण ही दोन कामे छत्राने एकदमच साधली. आपण पाहुण्याच्या सोयीचीच तेवढी स्तुती करतो.

1820 साली सरफोजी राजे स्वतः काशीयात्रेस निघाले. बरोबर तीन हजारांच्या आसपास माणसे होती. या यात्रेवर मराठीत लावण्या रचल्या गेल्या, आणि परतताना आणलेली हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयाचे भूषण ठरली. पण आपण जरा तळाकडे पाहू. माणशी पाच लिटर पाणी धरले, तरी तीन हजारांना दिवसाला 15,000 लिटर लागते, आणि त्यात हत्ती, घोडे, बैल आलेच नाहीत. ही राहुट्यांची नगरी रोज सायंकाळी नव्या ठिकाणी उभी राहायची आणि पहाटे उठायची. मागे चुलींची राख, तोडलेल्या फांद्या आणि तीन हजार माणसांची घाण. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायातील आज्ञा येथे समजते : तळाबाहेर एक जागा असावी, हत्यारांबरोबर खणण्याचे साधन असावे, आणि मागे वळून आपली घाण मातीने झाकावी. छावणीच्या पावित्र्याचा आणि कुदळीचा असा सरळ संबंध शास्त्राने जोडला आहे.

ही कुदळ मात्र सगळीकडे चालत नाही. तिला माती लागते, ओल लागते. अमेरिकेच्या युटा प्रांतातील घळींचा ओसाड मुलूख बराचसा सार्वजनिक मालकीचा आहे. तेथे वाळूवर सूक्ष्म जीवांची काळसर साय धरलेली असते आणि तिच्यावर उमटलेले पाऊल भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. कोरड्या जमिनीत पुरलेली घाणही फार काळ तशीच राहते. म्हणून तेथील कित्येक घळींत आपला मैला डब्यात भरून परत आणावा लागतो. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील साम्रदजवळच्या सांदण दरीसारख्या काळ्या कातळाच्या चिंचोळ्या घळीत खणायला मातीच नाही. शिवाय ती दरी अभयारण्याच्या हद्दीत आहे, आणि पावसाळ्यात तेथे पाऊल टाकू नये. पेट्र्याच्या घळीत 1963 साली अवचित आलेल्या लोंढ्याने वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी बुडाले. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असले, तरी वरच्या अंगाला पडलेला पाऊस घळीत उतरतोच.

आता स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी आमचे चाळीस जणांचे शिबिर सह्याद्रीतील एका घळीच्या तोंडाशी उतरले. जमीन सरकारी होती, परवानगीचा कागद खिशात होता. रात्री मुलांनी कातळातील वरच्या कुंडात साबणाने भांडी घासली. सह्याद्रीत पाऊस धो धो पडतो, पण कातळ पाणी धरून ठेवत नाही. त्या पाड्याला पिण्याजोगा झरा तेवढा एकच होता, आणि तो त्या कुंडाच्या खाली होता. पहाटे एक म्हातारी हंडा घेऊन आली. पाण्यावर फेस तरंगत होता. मी ओशाळून पुढे झालो, तर तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाबा. दुपारच्याला येते, तवर निवळंल." आणि रिकामा हंडा कमरेवर घेऊन ती चढण चढू लागली. त्या सकाळी गणनाच्या विसाव्या अध्यायावर बोलण्याची पाळी माझीच होती. मी बोललो नाही.

पुढच्या वर्षी आम्ही शिबिराच्या महिनाभर आधी त्या पाड्यावर जाऊन बसलो आणि तळ कोठे ठोकावा हे त्यांनाच विचारले. त्यांनी झऱ्यापासून बरेच दूर, भाताचे एक पडीक खाचर दाखवले. पाण्याच्या किमतीचे बोलणे निघाले, तेव्हा ते हसले. पाणी विकायचे नसते, म्हणाले. आणून देण्याची मजुरी मात्र घेऊ. हंड्यामागे किती, हे त्यांनीच ठरवले आणि आम्ही घासाघीस केली नाही. चाळीस जणांना दिवसाला चौदा हंडे आले. संध्याकाळी भांडी घासायच्या वेळी मुले शेवटचा हंडा मध्ये ठेवून भोवती उभी राहिली आणि वाटीने पाणी मोजू लागली.