जिन्यावरून परत फिरलास म्हणे

नाशिकरोड,
रविवार

चि. ओंकार,

फोनवर तू "हो आत्या" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. डब्यात लाडूंच्या खाली ठेवतेय, म्हणजे वहिनीच्या हाती लागणार नाही.

काल वहिनी रडत होती. गंगापूर रोडच्या त्या मानसतज्ज्ञ बाईंची वेळ घेतलीस, गाडी लावलीस, अर्धा जिना चढलास आणि परत फिरलास. कुणीतरी तुला तिथे पाहिलं आणि कॉलनीत बोभाटा केला, की वेड्यांच्या डॉक्टरकडे जायची पाळी आली. बोलणाऱ्यांचं मला काही वाटत नाही. राग तुझा आला. चार महिने पहाटे तीनपर्यंत तुझ्या खोलीत दिवा, मुख्य परीक्षेचं पुस्तक उघडलं की हात गार, ताट अर्धं तसंच. आणि तू जिन्यावरून परत फिरतोस?

आईला म्हणालास, "तिथे बोलू काय?" अरे, पहिल्या दिवशी त्याच विचारतात. झोप कशी, भूक कशी, घरात कोण कोण, हे कधीपासून. पाऊण तास, फार तर तास. सगळं एका दमात ओकायचं नसतं.

गोळ्यांची भीती घातलीय तुला कुणीतरी. गोळ्या लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, आधी एमबीबीएस झालेले. या बाई क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. त्या बोलण्यातून काम करतात, विचारांच्या सवयी उलगडून दाखवतात, गरज वाटली तरच डॉक्टरांकडे पाठवतात. पाटी हल्ली कुणीही लावतं, तेव्हा भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे बेलाशक विचार. चांगलं माणूस त्याने दुखावत नाही.

आणि बोललेलं बाहेर जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्तता हा तुझा हक्क म्हणून लिहिलाय. जिवाला धोका असेल, कोर्टाचा हुकूम असेल, अशा मोजक्या वेळी अपवाद. ते अपवाद कोणते, हेही त्यांनाच पहिल्या दिवशी विचारून घे. कॉलनीला तुझा जिना दिसेल, खोलीतलं काही कळणार नाही.

त्या जिन्याने माझी झोप का गेली, ते आता सांगते. बापूकाकाचं नाव आपल्या घरात निघत नाही. तू त्याला मधल्या खोलीतला, भिंतीकडे तोंड करून निजलेला म्हणूनच पाहिलंस. १९८४ साली तो सव्वीस वर्षांचा होता आणि तबला असा वाजवायचा की रस्त्यावरची माणसं खिडकीशी थांबायची. त्याची झोप गेली, तुझ्यासारखीच. आमच्या आईने त्र्यंबकला नारायण नागबळी करवला. तीन दिवस तो मुकाट बसला, सांगतील ते करत राहिला. परत आल्यावर रात्री मागच्या अंगणात मला म्हणाला, "शालू, कुणातरी डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर. एकट्याने नाही जमत."

माझी सोयरीक ठरत होती. मी म्हटलं, "माझं लग्न होऊन जाऊ दे, मग बघू."

बापू थांबला. लग्न झालं. मग कुणीच बघितलं नाही, मीही नाही. पुढे १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, वर्तमानपत्रांत त्यांचं लिखाण येत राहिलं. ठाणं काय दूर होतं? पंचवटी एक्स्प्रेसने आम्ही लग्नामुंजींना कल्याणपर्यंत जायचो, त्याच्यासाठी मात्र कुणी तिकीट काढलं नाही. तो गेला तेव्हा तबल्याच्या गवसणीची गाठ इतकी घट्ट बसली होती की मला कात्री घ्यावी लागली.

आणखी एक, जे तुझ्या बाबालाही माहीत नाही. तुझे आतोबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, त्यानंतर मी अकरा महिने दर गुरुवारी अशाच एका बाईंकडे जात होते. घरी सांगायचे, भजनाला जाते. आधी ज्या गाठल्या, त्यांच्याशी जमलं नाही, म्हणून या दुसऱ्या शोधल्या. तसं चालतं, त्यात कुणाचा अपमान नाही. पहिल्या तीन खेपांना मी फक्त दूधवाल्याच्या हिशोबाबद्दल बोलले. चौथ्या खेपेला बापूबद्दल. त्या दिवशी बरं वाटायचं सोडून जास्तच रडू आलं, तुलाही येईल, घाबरू नकोस. किती खेपा लागतील, हे आधी सांगता येत नाही. कुणाला आठ-दहा पुरतात, मला पुष्कळ लागल्या.

त्यात मी बापूला हाक मारायला शिकले, ओंकार. इतक्या वर्षांनी.

फीची काळजी करू नकोस, प्रेसची पेन्शन आहे मला. रात्री जीव फार घाबरला तर १४४१६ लाव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि मला उठव. तशीही मी जागीच असते.

तुझ्यावर ओरडले. राजा, तुझ्यात मला तो दिसतो, म्हणून आवाज चढला. त्याने निदान विचारलं होतं, एकट्याने जमत नाही म्हणून. तू तेवढंही विचारलं नाहीस, पण अर्ध्या जिन्यावरून फिरलास म्हणजे तेच झालं ना?

शनिवारी पुन्हा वेळ घे. मी रिक्षाने येते आणि खाली थांबते. वर येणार नाही, आत काय बोललास विचारणार नाही. त्या दिवशीही पाय नाही उचलला तर आपण सोमेश्वरला जाऊन नदीकाठी बसू आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येऊ.

लाडवांत यंदा बेदाणे घातले नाहीत, तुला आवडत नाहीत ना.

तुझी,
आत्या